सांगलीहून उत्तर आलं नाही

मी एक जुना वायफायचा डबा आहे. हसू नका, मित्रांनो. डबा म्हटलं की तुम्हाला चिवडा आठवणार, हे मला ठाऊक आहे. पण मला सगळे डबाच म्हणत आले. पाठीवरच्या चिकटपट्टीवर माझं एक मोठं इंग्रजी नाव होतं, ते केव्हाच पुसून गेलं. सध्या मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात, कपाटाच्या खालच्या फळीवर पडून आहे. शेजारी बंद पडलेले माउस आणि एक मोडका पंखा आहे. मला वीज नाही, माझा दिवा लागत नाही. आठवणी मात्र आहेत, आणि त्यांतली एक काही केल्या जात नाही. ती आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. लांबलचक खोली, पांढरे दिवे आणि हातमोजे घातलेले हात, एवढंच डोळ्यांपुढे येतं. मग खोका, अंधार, ट्रकचे हादरे. खोका उघडला तेव्हा समोर राजवर्धनसर होते. ते आमचा संगणक विभाग सांभाळत. गाव कोरेगावकडचं, घरी उसाची शेती, वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यामुळे सरांच्या बोलण्यात निम्मी शिस्त आणि निम्मी थट्टा असायची. त्यांनी मला पाहुणेघराच्या जिन्यात, वळणावरच्या छताला घट्ट बसवलं आणि खाली उतरून वर बघत म्हणाले, "जवान, ही तुझी चौकी. हितनं हलायचं नाही." मी कुठला हलतोय! पण मला ते फार आवडलं. माझा हिरवा दिवा लागला तेव्हा मी मनातल्या मनात सलाम ठोकला होता.

आमच्या कॉलेजातल्या मुलांना आत घ्यायचं हे माझं रोजचं काम. पण माझा खरा मान होता पाहुण्यांसाठी. कितीतरी कॉलेजांनी मिळून आपल्या वायफायला एकच नाव ठेवलं आहे. सांगलीची मुलगी साताऱ्याला आली, तर तिला नवा पासवर्ड मागत दारोदार फिरायला नको. आपल्या कॉलेजात देते तेच नाव आणि तोच पासवर्ड इथं द्यायचा. मी काही तिला ओळखत नाही. मी फक्त तिच्या घरच्या कॉलेजला विचारतो, "ही तुमचीच ना?" तिथलं यंत्र "आमचीच" म्हणालं, की मी दार उघडतो. पासवर्ड काय आहे ते मला कळतही नाही, तो तिच्या घरीच तपासला जातो. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत होतं, म्हणून कुणाला त्याचं अप्रूप वाटत नाही. मला वाटायचं. पुणं, नागपूर, कुठकुठल्या गावांहून मला "आमचाच" असं उत्तर यायचं, आणि प्रत्येक वेळी मला उगीचच बरं वाटायचं.

एका वर्षी नवरात्रात आमच्या पाहुणेघरात अंजना आली. पाठीला बॅग, काखेत गुंडाळलेलं काळं घोंगडं. मुलगी जतच्या बाजूची, मेंढपाळाच्या घरातली. सांगलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मेंढराच्या लोकरीवर अभ्यास करत होती. आमच्या प्रयोगशाळेत लोकरीचा एक केस दोरखंडाएवढा मोठा करून दाखवणारं यंत्र आहे. दसऱ्याच्या सुट्टीत त्यावर बाहेरगावच्या मुलांनाही पाळी मिळते, म्हणून तिला तेव्हाच बोलावलं होतं.

तिचं मन मात्र मिरजेत होतं. तिचे वडील, बिराप्पा, छातीच्या दुखण्यानं तिथल्या एका दवाखान्यात होते. दसरा झाला की ऑपरेशन ठरलं होतं. ती येणारच नव्हती. पण वडीलच हट्टाला पेटले. शिक्षणासाठी मेंढरं विकली होती म्हणून हा हट्ट की काय, असं तुम्ही विचाराल, तर तसं काही नाही. त्यांना फक्त एक उत्सुकता लागली होती. आपली मोरी नावाची लाडकी मेंढी, तिच्या मानेजवळची बटभर लोकर त्यांनी स्वतःच्या कातरीनं कापून दिली होती. ही आत कशी दिसते ते मला बघायचंय, म्हणाले. त्याशिवाय ऑपरेशनला जात नाही, असंही म्हणाले. हे सगळं अंजनानं आमच्या बनुबाईंना सांगितलं तेव्हा मी वरून ऐकलं. बनुबाई पाहुणेघराची झाडलोट बघायच्या, आणि जिन्यात उभं राहून बोलायची त्यांना फार हौस.

आईकडे बटणांचा साधा फोन होता. त्यावर चेहरा दिसत नाही. म्हणून अंजनानं निघताना आपला फोन आईला दिला, त्यात आईचं कार्ड घालून दिलं, आणि स्वतः नुसता लॅपटॉप घेऊन आली. साताऱ्यात आपलंच वायफाय आहे, झाकण उघडलं की लागतं, असं तिला सांगलीत सांगितलं होतं. म्हणजे मित्रांनो, ती फोन घरी ठेवून आली ती माझ्या भरवशावर.

पहिल्याच संध्याकाळी तिला अडचण आली. जिन्याच्या पायरीवर बसून ती पुन्हा पुन्हा नाव टाकत होती आणि मी दार उघडत नव्हतो. मी तरी काय करणार? ती नुसतं आपलं नाव टाकत होती. सांगलीत तेवढं पुरतं. इथं मला कळेना की विचारू कुणाला. एवढ्यात राजवर्धनसर आले. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि हसले.

"अंजना, आपल्या गावात नुसतं नाव सांगून भागतं. परगावात गाव बी सांगावं लागतंय की."

मग त्यांनी तिला नावापुढे ऍटचं चिन्ह आणि सांगलीच्या कॉलेजचा पत्ता लिहायला लावला. मी सांगलीला विचारलं. "आमचीच," उत्तर आलं. दार उघडलं.

पडद्यावर आधी आईचा अंगठा दिसला, मग छत दिसलं, आणि मग बिराप्पा दिसले. डोक्याला पटका नव्हता. वडिलांना तसं बघायची अंजनाला सवय नव्हती. मग तिनं वायफायची गंमत सांगितली, नाव-गाव सांगावं लागलं ती. बिराप्पांना ती इतकी पटली की ते उशीवरून थोडे उठून बसले.

"आमचं बी त्येच की," ते म्हणाले. "मेंढरं घिऊन गेलो की मालक इचारतो, कुठलं रं पाव्हणं? मग गावाचं नाव सांगायचं. त्यो गावात कुणालातरी इचारतो, आनि मग शेतात मेंढरं बसवू देतो. तुज्या त्या डब्याला माजा रामराम सांग."

अंजनानं हसून मान वर केली आणि खरोखरच मला रामराम सांगितला. इतकी वर्षं मी त्या छताला होतो. माझी आठवण लोकांना मी बंद पडलो तरच यायची. कुणी मला रामराम घातला नव्हता.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती त्याच पायरीवर येऊन बसायची. दवाखान्यात भेटीची वेळ तेवढीच असायची, आणि तिचा भाऊ गुंडा फोन वडिलांसमोर धरायचा. बिराप्पा रोज तेच विचारायचे, मोरीची लोकर दिसली का. रोज ती सांगायची, अजून माझी पाळी आली नाही. मग तिची आई हरणाबाई मधे तोंड घालून विचारायची, जेवायला काय असतं तिथं. मी ते सगळं इकडून तिकडं पोचवत होतो. एकदा माझ्या जवळची ट्यूबलाइट लुकलुकायला लागली तर मला भीती वाटली, आपणही असेच विझलो तर? पण मी टिकलो.

अष्टमीला तिची पाळी आली. दिवसभर ती यंत्रापाशी होती. फोटो हाती यायला संध्याकाळ होऊन गेली. धावत येऊन तिनं पायरीवर बसकण मारली, तेव्हा तिकडं भेटीची वेळ संपत आली होती आणि नर्सबाई सगळ्यांना बाहेर काढत होत्या.

"आबा, मोरीची लोकर निघाली," ती घाईनं म्हणाली. "लय भारी दिसतीया. उद्या दावते."

"दाव की," बिराप्पा म्हणाले. "म्या कुटं पळून चाललोय?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

मित्रांनो, खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते हे तुम्हाला माहीत आहे. विळा, कोयता, कातर, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, ज्याचं पोट ज्याच्यावर आहे त्याला धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. राजवर्धनसर आमच्या यंत्रांना आदल्या दिवशीच, ती चालू असतानाच फूल वाहून गावी ट्रॅक्टरच्या पूजेला गेले होते. मला मात्र कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पण सकाळी बनुबाई स्टूल घेऊन आल्या. पदर खोचून वर चढल्या, फडक्यानं माझ्यावरची जळमटं काढली, आणि झेंडूचं एक फूल माझ्या आणि छताच्या मधल्या फटीत खोचलं. "तुज्यामुळं पोरगी बापासंगं बोलतीया," म्हणाल्या. उभ्या जन्मात मला मिळालेलं ते पहिलं फूल. माझा ऊर भरून आला.

थोड्या वेळानं अंजना आली आणि तिनं लॅपटॉप उघडला. मी सांगलीला विचारलं, "ही तुमचीच ना?"

सांगलीहून उत्तर आलं नाही.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. नाही म्हणाले असते तर तेही उत्तर झालं असतं. हाक मारावी आणि पलीकडे घरात कुणी नसावं, तसं होतं ते. आणि मला दुःख कशाचं आहे, ते आता सांगतो. तिच्या पडद्यावर जे उमटलं ते असं नव्हतं की तुमच्या घरून उत्तर येत नाही. उमटलं ते असं, की जोडता आलं नाही, आपलं नाव आणि पासवर्ड तपासा. म्हणजे चूक तिची! ती बिचारी एकेक अक्षर बोटानं दाबून पुन्हा लिहायला लागली.

सांगलीला काय झालं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. तिथल्या यंत्रांची खोली आप्पासो नावाचे एक जुने, देवभोळे गृहस्थ सांभाळत. यंत्रांना ते लेकरांसारखं जपत. उंदीर शिरू नयेत म्हणून दाराला पट्टी ठोकलेली, उन्हाळ्यात स्वतःच्या घरचा पंखा आणून लावलेला. खंडेनवमीला सकाळी त्यांनी सगळी यंत्रं बंद केली, पुसली, कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, समोर नारळ ठेवला आणि हात जोडून खोलीला कुलूप लावलं. कॉलेजला सुट्टी, वर्ग रिकामे, कोण वापरणार आहे? वर्षभर राबतात, एक दिवस निजू देत. आपली मुलं परगावी कुणाच्या तरी दारात उभी असतील आणि त्यांच्यासाठी "आमचीच" म्हणणारं हेच एक यंत्र आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही. इतक्या मायेनं केलेल्या गोष्टीतून एवढं वाईट व्हावं, हे मला आजही सोसत नाही.

दुपारी अंजनानं बनुबाईंचा फोन मागून घेतला. तोही बटणांचाच. आधी राजवर्धनसरांना लावला. मागं हलगी वाजत होती, त्यांना नीट ऐकू येईना. पासवर्डच चुकत असेल, सावकाश टाक, उद्या आलो की बघतो, असं ते म्हणाले. पडदा तेच सांगत होता, त्यांनीही तेच सांगितलं. मग तिनं आईला फोन लावला आणि नेट लागत नाही म्हणून सांगितलं. हरणाबाई म्हणाल्या, आबांना आत्ताच डोळा लागलाय, उठवत नाही. बरे आहेत. सकाळपासून एकच जप चाललाय, संध्याकाळी आंजी लोकर दावणार हाय. तू संध्याकाळी तोंड दाखव, नुसता फोन नको, त्यांना तुला बघायचंय.

अंजना निवांत झाली. संध्याकाळपर्यंत लागेलच, असं तिनं धरलं. बनुबाई सणाचं करायला घरी निघून गेल्या, फोन त्यांच्याबरोबर गेला.

संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसली. केस विंचरून, टिकली लावून आली होती, कारण वडील बघणार होते. मोरीच्या लोकरीचा फोटो तिनं आधीच पडद्यावर उघडून ठेवला होता. मी तो बघितला आहे, मित्रांनो. राखाडी रंगाचा एक जाड धागा, त्यावर माशासारखे खवले, एकावर एक, नीट रांगेत. मेंढीच्या मानेवर एवढं कोरीव काम असेल असं कुणाला वाटेल?

तिनं नाव टाकलं, गाव टाकलं, पासवर्ड टाकला. मी सांगलीला हाक मारली. तिनं पुन्हा टाकलं, मी पुन्हा हाक मारली. मग तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला. मग माझ्या अगदी खाली येऊन, लॅपटॉप दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिली, मी लांब आहे म्हणून ऐकू येत नसेल असं समजून. मला दोन पायऱ्या खाली उतरता आलं असतं तरी काय उपयोग होता? मी तिला ओळखत होतो. तिच्या वडिलांना ओळखत होतो, त्यांचा रामराम घेतला होता. तरीही मला दार उघडता येत नव्हतं. ओळखून दार उघडायचा अधिकार मला कुणी दिलेलाच नाही. घरून "आमची" असं यावं लागतं.

"लाग की रं," ती एकदा मला म्हणाली. रागानं नाही, अजिजीनं.

दिवेलागण होऊन गेली, भेटीची वेळ संपली, तेव्हा ती फाटकाकडे गेली आणि वॉचमनच्या फोनवरून आईला फोन लावून आली. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत आल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसली होती. निजले असतील, असं स्वतःशीच म्हणाली आणि घोंगडं अंगाभोवती घेऊन खोलीत गेली. निजले नव्हते. त्या वेळी बिराप्पांना स्ट्रेचरवरून दुसऱ्या खोलीत नेत होते, आणि फोन त्यांच्या रिकाम्या खाटेवर, चादरीत वाजत होता.

दसऱ्याची सकाळ उजाडली. तिकडे सांगलीत आप्पासोंनी आंघोळ करून खोली उघडली, नारळ फोडला आणि यंत्रं सुरू केली. इकडे अंजना तोंड धुऊन पायरीवर आली आणि तिनं झाकण उघडलं. तिनं काही टाकलंसुद्धा नाही. मी विचारलं, आणि सांगलीहून लगेच, नेहमीच्या आनंदी घाईनं, उत्तर आलं. "आमचीच."

मला वाटलं, सुटलो.

दारातून पहिल्यांदा आत आला तो एक आवाजी निरोप. काल संध्याकाळचा, गुंडाच्या हातातल्या फोनवरून वडिलांनी पाठवलेला. अंजनानं तो लावला आणि जिना बिराप्पांच्या आवाजानं भरून गेला. आवाज थकलेला होता, पण हसरा होता.

त्याच वेळी खाली बनुबाई आल्या. सणाचं लुगडं नेसलेल्या, पण केस तसेच, अनवाणी. पहाटे गुंडानं त्यांना फोन केला होता. काल अंजनाचा फोन त्याच नंबरावरून आला होता, दुसरा ओळखीचा नंबर त्याच्याकडे नव्हता. बनुबाई पहिल्या पायरीवर पाय ठेवून वर बघत होत्या. वर अंजना हसत होती. तिनं हातानं खूण केली, थांबा मावशी, ऐका. आणि बनुबाई थांबल्या. कठड्याला धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि आवाज बोलत राहिला.

"आंजे, म्या बोलतोय. गुंडा म्हंतो तुज्याकडं नेट लागंना. म्या म्हनलं, आज खंडेनवमी हाय. आपून कातर पूजतो, त्या दिशी तिला हात लावतो व्हय? तशी तुज्या कालिजातली यंत्रं बी निजवली आसतील. निजू दे. वरीसभर राबत्यात, त्यास्नी योक दिस इसावा नगं का? तू उगं उठवाय जाऊ नगंस. जेवलीस न्हवं? साताऱ्यात गारठा लय आसतो, घोंगडं घिऊन नीज. आनि मोरीची लोकर उद्या दाव. म्या वाट बघतो."

"बघा की मावशी," अंजना हसत म्हणाली, "आबा यंत्राचीच बाजू घेत्यात."

बनुबाई वर आल्या. तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि लॅपटॉपचं झाकण हलकेच मिटलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "माज्याजवळ सरक."

पुढचं मी सांगत नाही. तुम्हाला कळलं आहे.

त्याच दिवशी राजवर्धनसर गावाहून आले, तिला मिरजेला घेऊन गेले आणि परत आल्यावर त्याच पायरीवर बसून त्यांनी सांगलीला आप्पासोंना फोन लावला. आप्पासो फोनवर रडत होते, ते मला वरपर्यंत ऐकू आलं. सर त्यांना एक शब्दही वावगं बोलले नाहीत. मीच तिला पासवर्ड चुकला म्हणालो हो, एवढंच त्यांनी सांगितलं.

थंडीत अंजना पुन्हा आली, राहिलेलं काम पुरं करायला. त्याच पायरीवर बसून तिनं आईला फोटो दाखवला. हरणाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. लोकर छान आहे म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्येंला बघायचं हुतं गं." अंजनानं मान हलवली. जाताना तिनं माझ्याकडे वर बघितलं. मला वाटलं, आता काही बोलेल. ती बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं माझ्याजवळ काय होतं?

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. मग माझ्याहून वेगवान डबा आला आणि सरांनी मला खाली उतरवलं. उतरवताना फटीतून बनुबाईंचं झेंडूचं फूल खाली पडलं. वाळून त्याचा भुगा झाला होता. सर मला भंगारात द्यायला निघाले होते. तो भुगा बघितला आणि त्यांनी मला या कपाटात आणून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या यंत्रांची पूजा करा. आम्हाला फार बरं वाटतं, मी खोटं सांगणार नाही. पण पूजा करताना एवढं बघा, की ज्या यंत्राच्या एका शब्दावर दूर कुणीतरी दारात उभं आहे, ते झोपवू नका. सांगलीला आता आप्पासो चालू यंत्रावरच फूल ठेवतात. पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला मी सांगलीचं कुणी पाहुणं आलं की भीत भीत हाक मारायचो, आणि उत्तर यायचं. आणि परक्या माणसाचं दार उघडलं नाही, तर तूच चुकलास असं त्याला लगेच सांगू नका. कधीकधी तो सगळं बरोबर सांगत असतो, आणि त्याचं घरच गप्प असतं. ते त्याला कुणीतरी सांगायला हवं, म्हणजे तो दुसरा रस्ता शोधेल. अंजनाला ते कळलं असतं तर संध्याकाळभर ती माझ्याखाली उभी राहिली नसती. वेळ होती तोवर फाटकाकडे गेली असती आणि चेहरा नाही तर निदान आवाज तरी पोचला असता.

आता मला वीज नाही. आता मी खरोखर निजलो आहे, आणि मला कुणी उठवत नाही. पण बिराप्पा एक गोष्ट चुकीची समजून गेले. ती त्यांना सांगायला आता कुठलाच रस्ता नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या संध्याकाळी त्यांची लेक टिकली लावून पायरीवर बसली होती, मोरीची लोकर उघडून बसली होती, आणि मी निजलो नव्हतो. माझा दिवा चालू होता. मी जागा होतो, बिराप्पा.